रेसिंग थांबवून समालोचनाकडे वळायचं असेल तर तयारी कशी करावी?

पाचपाखाडीकर:

नमस्कार मंडळी. मावसभाऊ नेरूळला असतो, वय २६. कार्टिंगपासून सुरुवात, मग कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर एलजीबी फॉर्म्युला ४ ही एकाच सीटच्या गाड्यांची देशी शर्यतमालिका. वरच्या वर्गात जायला लागणारा पैसा उभा राहत नाहीये आणि प्रायोजक मिळत नाही. अशात एका स्ट्रीमिंगवाल्यांनी त्याच्याकडे मराठी समालोचनाचा दहा मिनिटांचा नमुना मागितलाय. पठ्ठ्या बोलतो छान, पण माईकसमोर काय बोलायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

तीन गोष्टी विचारायच्यात. फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवलेली नसेल तर समालोचक म्हणून कोणी उभं करतं का? गाडी चालवणं पूर्ण सोडूनच इकडे यावं लागतं का? आणि हा नमुना ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरच्या घरी नीट कसा करायचा? स्टुडिओला पैसे घालायची तयारी आहे, पण गरज असेल तरच.

ऐरोली_अपेक्स:

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो, तिसऱ्यावर इथले आवाजवाले बोलतील.

जिंकलेल्या शर्यतींचा आकडा या धंद्यात फारसा चालत नाही. ब्रिटिश ड्रायव्हर आणि समालोचक मार्टिन ब्रंडलचं बघा. १५८ ग्रां प्री म्हणजे फॉर्म्युला वन शर्यती, नऊ पोडियम म्हणजे पहिल्या तिघांत, विजय एकही नाही. १९८३ ला ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत आयर्टन सेनाशी शेवटच्या थ्रक्सटनच्या शर्यतीपर्यंत झुंजला आणि दुसरा आला. १९८४ ला डॅलसला दोन्ही पायांचं नुकसान करून घेतलं. १९८८ ला जॅग्वारकडून जागतिक स्पोर्ट्सकार विजेतेपद आणि १९९० ला ल मान्स ही २४ तासांची शर्यत जिंकली, पण ही कमाई सामान्य टीव्ही प्रेक्षकाला आजही ठाऊक नसते. १९९७ ला आयटीव्हीवर मुख्य समालोचक मरे वॉकरच्या शेजारी बसला, त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला ग्रिडवॉक (शर्यतीआधी गाड्यांमध्ये फिरून मुलाखती) सुरू केला, पुढे २००९ ला बीबीसी, २०१२ पासून स्काय. समालोचनात तो फॉर्म्युला वनमधल्या ड्रायव्हिंगपेक्षा दुप्पट काळ टिकलाय.

आता दुसरा प्रश्न, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. 'आधी निवृत्ती, मग माईक' असा क्रम नसतो. १९९७ ला आयटीव्हीवर बोलायला लागल्यावरही ब्रंडल ल मान्सला निस्सान, टोयोटा, बेंटली चालवत होता. १९९९ ला टोयोटा जीटी-वन पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवर ठेवली ती त्यानेच. आपला करुण चंडोकही तसाच. २०१० ला बहरीनला एचआरटी संघाकडून फॉर्म्युला वन पदार्पण, आणि ती गाडी आधी चाचणीसाठीसुद्धा फिरलेली नव्हती, थेट पात्रता फेरीतच ट्रॅकवर आली. २०११ ला लोटसकडून जर्मनीची एक शर्यत धरून एकूण ११. २०१२ ला ल मान्समध्ये उतरणारा पहिला भारतीय, ब्रेबम आणि डम्ब्रेकसोबत एकूण सहावा. २०१४-१५ ला फॉर्म्युला ई, म्हणजे विजेच्या गाड्यांची मालिका. २०१६ पासून चॅनल ४ वर बोलत असतानाच २०१७ ला पुन्हा ल मान्सच्या एलएमपी२ वर्गात होता. २०१९ पासून स्कायवर. गाडीशी संबंध असला की कालचा टायर, कालचा ब्रेक बोलण्यात येतो. तो तुटला की दोन-तीन वर्षांत माणूस 'आमच्या वेळी' वर येतो, आणि ते कोणालाच ऐकायचं नसतं.

शेजारचं उदाहरण हवं असेल तर क्रिकेटमधलं घ्या. २०२३ च्या आयपीएलला केदार जाधव जिओ सिनेमावर मराठीत बोलत होता, आणि त्याच हंगामात बंगळूरने त्याला बदली खेळाडू म्हणून संघात घेतलं. बोलणं आणि खेळणं एकमेकांच्या आड येतंच असं नाही. त्याच्याही कितीतरी आधी आकाशवाणीवर मराठी समालोचन रुजवणारे बाळ ज. पंडित स्वतः रणजी खेळलेले होते.

तेव्हा भावाला सांगा, एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं) लायसन्स चालू ठेव. पूर्ण सीझन परवडत नसेल तर वर्षाला एखादी फेरी कर किंवा कोल्हापूरला कार्ट चालव. पण 'माजी ड्रायव्हर' हा शिक्का इतक्यात नको.

कोपरी_कट्टा:

जरा थंड पाणी ओततो, रागावू नका. भारतात निव्वळ मोटरस्पोर्ट समालोचनावर घर चालत नाही. वर्षभरात देशी शर्यतींचे शनिवार-रविवार मोजकेच, आणि त्यात मराठी किती? हे काम ट्रॅक इन्स्ट्रक्टर, गाडी कंपन्यांचे ड्राइव्ह डे, कार्टिंग कोचिंग अशा कामांच्या जोडीला बसतं. नोकरी सोडून उडी मारू नये. बाकी ऐरोलीकरांचं बरोबर आहे.

पाचपाखाडीकर:

@कोपरी_कट्टा, नोकरी आहे त्याची, महापेला. सोडत नाहीये. @ऐरोली_अपेक्स, धन्यवाद. पण मग स्काय, आयटीव्हीवाल्यांना ब्रंडलसारख्यात काय दिसतं? म्हणजे नमुन्यात नेमकं काय दाखवायचं?

ढोकाळी_डेसिबल:

आधी बूथचं, म्हणजे समालोचकांच्या खोलीतलं काम समजून घ्या, मग नमुना आपोआप सुचतो.

दोन माणसं असतात. मुख्य समालोचक काय चाललंय ते सांगतो, म्हणजे नावं, क्रमांक, फेरी, अंतर. ड्रायव्हर असलेला दुसरा, म्हणजे एक्स्पर्ट, तो का घडलं ते सांगतो. भाऊ दुसऱ्या खुर्चीचा उमेदवार आहे, आणि नमुन्यात त्याने दोन्ही खुर्च्यांवर बसायचा प्रयत्न केला तर दोन्ही कच्च्या दिसतील. म्हणून पहिलं काम म्हणजे एक जोडीदार शोधा. क्रिकेट, कबड्डीचं निवेदन करणारा कोणीही चालेल, फक्त त्याला गाड्यांचे नंबर पाठ हवेत.

सुरुवातीला लाल दिवे एकेक सेकंदाने पाच लागतात आणि मग अचानक विझतात. तिथून पहिली दोन-तीन वळणं एक्स्पर्टने तोंड बंद ठेवायचं. त्या वेळी फक्त मुख्य माणूस, फक्त नावं. एक्स्पर्टने तेवढ्यात कागदावर पहिल्या आठांचा क्रम लिहायचा, कारण पहिली फेरी संपली की प्रेक्षकाला तोच हवा असतो. मग पहिला रिप्ले आला की माईक एक्स्पर्टचा. रिप्ले साधारण दहा-पंधरा सेकंदांचा, तेवढ्यात एकच कारण सांगून संपवायचं. 'मागच्याने ब्रेक उशिरा धरला, आतलं पुढचं चाक लॉक झालं, म्हणून गाडी सरळ गेली.' बस. यात चौथं वाक्य घातलंत की चित्र लाइव्हवर परत आलेलं असतं आणि तुम्ही अजून जुनंच सांगताय.

जोडीदाराला थांबवायचं असेल तर शब्दाने नाही, हाताने. टेबलावर बोट उचलायचं किंवा मनगटाला हलका स्पर्श करायचा. हे आधी ठरवून घ्या, नाहीतर दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. ते नुसतं ऐकूनही घाम फुटतो. बीबीसीवर मरे वॉकर आणि जेम्स हंट दोघांना मिळून एकच माईक असायचा. १९७६ चा जगज्जेता हंट १९८० पासून १९९३ पर्यंत तिथे होता, आणि वॉकरच्या उत्साहाच्या शेजारी त्याचा कोरडा, स्पष्ट आवाज हीच त्या जोडीची गंमत.

नेहमी होणाऱ्या चुका, घाईत आठवतील तशा. टीम रेडिओ (ड्रायव्हर आणि संघाचं बोलणं) वाजताना त्यावर बोलणं. चित्रात दिसतंय तेच पुन्हा सांगणं, जसं 'तो पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) आला'. पिटमध्ये आलेला सगळ्यांना दिसतो, कोणते टायर लावून कुठे बाहेर पडेल ते सांगा. पुढच्या तिघांवरच बोलत राहणं आणि अकराव्या क्रमांकाच्या लढतीत नाव न आठवणं. ओळखीच्या ड्रायव्हरला झुकतं माप देणं. आणि आवाजाची पट्टी. पहिल्याच वळणाला काळी पाचला पोचलात तर शेवटच्या फेरीला वर जायला जागाच उरत नाही. फॉर्म्युला वनची शर्यत थांबे धरून तीन तासांपर्यंत जाऊ शकते, घसा त्या हिशेबाने वापरायचा. कोमट पाणी जवळ ठेवा, ताक-दूध आधी नको.

दर तीन-चार मिनिटांनी क्रम पुन्हा सांगायचा. मधेच आलेला प्रेक्षक हरवला की चॅनल बदलतो.

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल. स्टुडिओ नको. घोडबंदर रोडला तोंड करून असलेल्या खिडकीचा फ्लॅट असेल तर मात्र रात्री अकरानंतर करा. कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बसा, कपडे प्रतिध्वनी खातात. पंखा बंद, फ्रीज शेजारच्या खोलीत. महागडा कंडेन्सर माईक घेऊ नका, तो सोसायटीच्या वॉचमनची शिट्टीसुद्धा पकडतो. दांडीचा डायनॅमिक माईक असलेला हेडसेट घ्या, म्हणजे मान वळवली तरी तोंडापासूनचं अंतर तेच राहतं. माईक ओठांच्या कोपऱ्याशी, समोर नाही, नाहीतर प, फ, भ फुटतात. ४८ किलोहर्ट्झ, मोनो, दोघांचे वेगळे ट्रॅक. साधं बोलणं उणे १८ च्या आसपास, ओरडणं उणे ६ डेसिबलच्या खाली. सुरुवातीलाच पूर्ण ताकदीने ओरडून पातळी लावा, हळू बोलून लावलेली पातळी पहिल्या ओव्हरटेकला फाटते.

ऐरोली_अपेक्स:

ढोकाळीकरांच्या 'झुकतं माप'वरून एक भर. ओळख लपवायची नाही, सांगून टाकायची. ब्रंडल हा डेव्हिड कूल्टहार्ड या ड्रायव्हरचं व्यवस्थापन बघायचा आणि त्याच्याच शर्यतींवर बोलायचा. लोकांना ते ठाऊक होतं, म्हणून चाललं. भावाने ज्या टीमकडून गाडी चालवली तिचं नाव पहिल्या पाच मिनिटांत घेऊन टाकावं, म्हणजे पुढची टीका प्रामाणिक वाटते.

आणि अमेरिकेतलं एक उदाहरण या कामात येणाऱ्याने जरूर पाहावं. डॅरेल वॉल्ट्रिप, नॅस्कार या तिथल्या स्टॉक कार मालिकेचा तीन वेळचा विजेता, ८४ विजय. २००० ला निवृत्त, २००१ च्या डेटोना ५०० शर्यतीला फॉक्स वाहिनीच्या बूथमध्ये. शेवटच्या फेरीत त्याचा सख्खा भाऊ मायकेल जिंकत होता आणि तो भाऊ म्हणूनच ओरडत होता. त्याच फेरीत मागे डेल अर्नहार्ट या ड्रायव्हरची गाडी भिंतीला धडकली. रेषा ओलांडल्यानंतर वॉल्ट्रिपचा आवाज काही क्षणांत बदलतो, भावाचा विजय बाजूला राहतो आणि तो अर्नहार्टबद्दल विचारायला लागतो. अर्नहार्ट वाचला नाही. अपघात झाला की नियम एकच. ड्रायव्हर हलला, बाहेर आला असं दिसेपर्यंत अंदाज नाही, विनोद नाही, रिप्लेचं विश्लेषण नाही. काही बोलायचं असेल तर लाल झेंडा, सेफ्टी कार, मेडिकल कार एवढंच.

उलवे_अंडरस्टिअर:

'नमुन्यात काय दाखवायचं' याचं उत्तर द्यायचं राहिलंय. ड्रायव्हरला जे दिसतं आणि सोफ्यावरच्याला दिसत नाही, ते. भावाकडे ते आहे, फक्त ते त्याच्या हातात आणि बुडात आहे, तोंडात आणायचंय.

ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र लावा. हँडल वळवलंय, तरी नाक बाहेरच चाललंय आणि ड्रायव्हर आणखी वळवतोय, म्हणजे पुढचे टायर संपलेत किंवा त्याने वेग जास्त नेलाय. हातांची उलटी झटपट हालचाल दिसली तर मागचं टोक सुटतंय. सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या फलकाआधीच इंजिनाचा आवाज पडला तर तो इंधन किंवा ब्रेक वाचवतोय. धूर बहुतेकदा आतल्या पुढच्या चाकातून निघतो, कारण वळताना पुढच्या दोन चाकांपैकी त्याच चाकावर वजन कमी असतं. टायर जागीच घासला की चपटा डाग पडतो, मग पुढच्या सरळ रस्त्यावर हेल्मेट थरथरताना दिसतं. ते थरथरणं दाखवून दोन फेऱ्या आधीच 'हा पिटमध्ये येणार' म्हणालात आणि तो आला, की तुमची खुर्ची पक्की.

धडकेचा निकाल देतानाही 'चूक याचीच' असं फेकायचं नाही. आतून घुसणाऱ्याचं पुढचं चाक अपेक्सला, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूला, समोरच्याच्या आरशापर्यंत पोचलं होतं का, आणि तो गाडी ट्रॅकच्या आत ठेवू शकला असता का, या दोन गोष्टी पाहायच्या. मग मत द्यायचं.

आता आकडे. पडद्यावर सेक्टरची (ट्रॅकच्या तीन भागांपैकी एकाची) वेळ जांभळी म्हणजे सगळ्यांत वेगवान, हिरवी म्हणजे स्वतःची सर्वोत्तम, पिवळी म्हणजे सुधारणा नाही, हे सगळेच सांगतात. पुढचं गणित सांगणारे कमी. समजा १०० किलो इंधन आणि ६० फेऱ्या. फेरीला पावणेदोन किलोच्या आसपास जळतं. दहा किलोला साधारण तीन दशांश सेकंद हा ढोबळ हिशेब धरला तर नुसती गाडी हलकी होत गेल्याने दर फेरी सुमारे पाच शतांशाने वेगवान व्हायला हवी. म्हणून दहा फेऱ्या वेळ जशीच्या तशी आली तर ड्रायव्हर 'स्थिर' नाहीये. टायरने अर्धा सेकंद खाल्लाय आणि तो झाकला गेलाय इंधनाने.

पिटचा हिशेबही असाच. थांबणं दोन-तीन सेकंदांचं, पण पिट लेनमध्ये ताशी ८० ची मर्यादा, म्हणून एकूण तोटा बऱ्याच ट्रॅकवर २० ते २५ सेकंद. तोटा २२ आणि मागच्याशी अंतर १९ असेल तर बाहेर पडल्यावर तीन सेकंद मागे. सेफ्टी कार आली की बाहेरचे सगळे हळू होतात, तोटा जवळपास निम्मा, आणि अशा वेळी पिटचं तोंड नुकतंच ओलांडून गेलेला माणूस अभागी. हे वाक्य तयार ठेवा, दर दोन-तीन शर्यतींत लागतं.

पण भावाच्या नमुन्यात फॉर्म्युला वन घेऊ नका असं मला वाटतं. त्याला कारी ट्रॅक पाठ आहे. २.१ किलोमीटर, छोटी शर्यत, पिटस्टॉप नाही, सारख्याच गाड्यांचा घोळका आणि सगळा खेळ स्लिपस्ट्रीमचा, म्हणजे पुढच्या गाडीच्या आडोशाला कमी हवा लागून वेग मिळवण्याचा. कुठल्या वळणातून बाहेर पडताना चिकटून राहिलं तर पुढे ओव्हरटेक होतो, कुठे आत घुसणं वेडेपणा आहे, हे तो डोळे मिटून सांगेल. नमुना ऐकणाऱ्याला हेच वेगळं वाटेल. मोनॅकोवर बोलणारे ढीगभर आहेत.

पाचपाखाडीकर:

हे फार उपयोगी. एक अडचण, सरावासाठी त्याने चालू शर्यत लावून बोलून पाहिलं, तर टायमिंगच्या ॲपवर ओव्हरटेक आधी दिसतो आणि चित्रात नंतर. गोंधळ होतो. आणि मूळ इंग्रजी समालोचन बंद केलं की इंजिनाचा आवाजही जातो.

ढोकाळी_डेसिबल:

घरी असंच होणार. इंटरनेटवरचं चित्र टायमिंगच्या मागे अर्धा-पाऊण मिनिटही असू शकतं, आणि शर्यतीच्या मधेच ते अंतर बदलतं. खऱ्या बूथमध्ये समालोचकाला चित्र आणि टायमिंग जवळपास एकाच वेळी मिळतं. म्हणून सराव चालू शर्यतीवर नकोच. चित्र हाच मालक माना, टायमिंग झाकून ठेवा, आणि क्रम सांगायच्या वेळी फक्त पडद्यावरच्या पट्टीवरून वाचा.

नमुन्यासाठी उलव्याच्या साहेबांनी सांगितलंय तेच सोयीचं. भावाच्या स्वतःच्या शर्यतीचं ऑनबोर्ड फुटेज घ्या, त्यात मूळ समालोचन नाही आणि इंजिन भरपूर आहे. इंजिनाचा आवाज बोलण्यापेक्षा १२ ते १५ डेसिबल खाली ठेवा. टीव्हीवरचं चित्र उचलून त्यावर आपला आवाज चढवून यूट्यूबवर टाकू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारकाला स्वतंत्र हक्क आहे, व्हिडिओ खाली उतरवला जाईल आणि वर चॅनलला डाग.

दहा मिनिटं सलग देण्यापेक्षा मी असं कापेन. सुरुवात आणि पहिली फेरी दोन मिनिटं, मधली शांत चार मिनिटं, शेवटच्या फेऱ्या तीन, आणि शेवटी एका अपघाताचा किंवा चुकीचा रिप्ले एक मिनिट. मधली शांत चार मिनिटं ऐकूनच ते निवड करतात. धडाक्यात सगळेच बोलतात, काहीच घडत नसताना ऐकणाऱ्याला धरून ठेवणं अवघड. झालं की रेकॉर्डिंग चित्राशिवाय घरातल्या कोणाला तरी ऐकवा. मधेच थांबवून विचारा, पहिला कोण आहे? सांगता आलं नाही तर पुन्हा.

उरण_फाटा:

सगळे इंग्लंड-अमेरिकेचं सांगतायत, म्हणून एक देशी सल्ला. पनवेल-उरण पट्ट्यात किंवा घाटावर बैलगाडा शर्यत असेल तेव्हा भोंग्याजवळ उभं राहून निवेदकाला ऐका. गट कितवा, गाडा कोणाचा, कोणत्या गावचा, कोण पुढे, झेंडापंचाने काय दिलं, सगळं काही सेकंदांत आणि एकदाही अडखळत नाही. मराठीत वेगाचं बोलणं कसं चालतं ते तिथे कळतं. क्रियापद आधी, नाव ठासून, वाक्य तोडलेलं. 'आला, आला, कडेनं आला' यात जे आहे ते 'त्याने बाह्य बाजूने आगेकूच केली आहे' यात नाही. गाड्यांचे शब्द टायर, ब्रेक, पिट, ओव्हरटेक असेच राहू द्या, ओढूनताणून मराठी केलेत तर ड्रायव्हरच हसतील.

कोपरी_कट्टा:

पुन्हा मीच, थंड पाण्याची दुसरी बादली. नमुना पाठवण्याआधी लेखी विचारून घ्या की तो फक्त निवडीसाठी आहे की ते तो प्रसारितही करणार. पुढे काम मिळालं तर मानधन दिवसाला की शर्यतीला, सराव आणि पात्रता फेरी त्यात धरली आहे का, शर्यत पावसाने लांबली तर काय, काम ट्रॅकवर जाऊन की इथूनच स्क्रीन बघून, आणि ट्रॅकवर असेल तर चेन्नई-कोइम्बतूरचं विमान आणि राहणं कोणाचं. आणखी एक, त्याच्या ड्रायव्हर म्हणून असलेल्या प्रायोजकाचा लोगो टोपीवर चालेल का हेही. प्रसारकाचा प्रायोजक दुसऱ्या टायर कंपनीचा निघाला तर ऐन वेळी टोपी काढावी लागते.

पाचपाखाडीकर:

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या टोपीवर टायरवालेच आहेत. आजच मेल टाकायला सांगतो. जोडीदार म्हणून कळव्याचा एक कबड्डी निवेदक तयार झालाय, त्याला आता गाड्यांचे नंबर पाठ करायला बसवतो.